भिंत फुगली आहे का, हे आधी पाहा

या महिन्यात ओल, गळती आणि वाळवीची पत्रं मी बाजूला ठेवली आहेत. ती पुढच्या अंकात घेईन. २०२४ च्या मार्चमध्ये आणि मग जुलैमध्ये हिंगोलीकडून धक्के आले, तेव्हापासून वाशीम, यवतमाळ, बुलडाण्याकडून भूकंपाबद्दलची पत्रं थांबलेली नाहीत. सप्टेंबर जवळ आला की लातूर जिल्ह्यातल्या किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपाची आठवण निघते आणि ती वाढतात. त्यांतली पाच इथं घेतो. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे, पण तो प्रश्न अनेकांच्या घरचा आहे.

प्रश्न : काका, आमचं घर रिसोड तालुक्यात, पैनगंगेच्या बाजूच्या गावात. पणजोबांनी बांधलेलं दगड-मातीचं घर, वर धाबं (लाकडावर मातीचं सपाट छत), भिंती दोन हात रुंद. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास मांडणीवरची भांडी वाजली आणि देवळीतला कंदील खाली पडला. तेव्हापासून बायको-लेकरं टिनाच्या गोठ्यात झोपतात. बाबा मात्र धाब्याखालून हलत नाहीत. म्हणतात, ‘दोन हाताची भीत हाय, तिले काय होते? माह्या आज्यानं बांधली.’ मी घर पाडून स्लॅब टाकायचं म्हणतो. आपल्याकडं किल्लारीसारखं होईल का? घर ठेवू की पाडू?

उत्तर : भाऊ, तुमच्या बाबांचं वाक्य मी ऐकलेलं आहे, फक्त बोली वेगळी होती. १९९३ च्या ऑक्टोबरात औसा तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ दगडावर बसून मला पुन्हा पुन्हा सांगत होते, ‘चार फुटाची भिंत होती हो, चार फुटाची.’ त्या भिंतीखालून त्यांच्या घरातली तीन माणसं आदल्या दिवशी काढली होती.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, पुसदला एका ठेकेदाराकडे सुपरवायझर. वडील गवंडी, त्यामुळे दगड-मातीत हात लहानपणापासूनचा. किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबरच्या पहाटे, तीन वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती; गणपती बोळवून माणसं उशिरा घरी आली होती आणि गाढ झोपेत होती. तिसऱ्या दिवशी आम्ही अकरा जण ट्रकनं निघालो. नांदेड, लातूर, औसा. ट्रकमध्ये भाकरी, चटणी, घोंगड्या, आणि वडिलांनी हट्टानं टाकायला लावलेल्या पहारी, टिकाव, घमेली. औशाच्या पुढं रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीग पावसात भिजत पडले होते. साऱ्या महाराष्ट्रानं कपडे पाठवले होते. तिथं माणसं हातानं दगड उपसत होती. आमच्या पहारी ट्रक थांबायच्या आत उचलल्या गेल्या.

पहिल्या गावात शिरलो तेव्हा गल्ली कुठली आणि घर कुठलं तेच कळेना. नुसता दगडांचा पसारा, आणि त्या पसाऱ्यात ठिकठिकाणी लाकडी खांब उभे. खांबांवर तुळया, एखाद्या खणावर, म्हणजे चार खांबांमधल्या जागेवर, धाब्याचा तुकडासुद्धा तसाच. सांगाडा उभा आणि भिंती तेवढ्या गेलेल्या. मी बराच वेळ ते बघत राहिलो. वडिलांनी मला शिकवलं होतं की भिंत घराला धरते. इथं छत खणांच्या लाकडावर होतं. भिंत नुसती भोवती रचलेली होती, आणि माणसं मेली ती तिच्याखाली. सगळीच घरं अशी नव्हती. जिथं तुळया भिंतीतच टेकवल्या होत्या, तिथं भिंतीमागोमाग धाबंही आलं. ढिगाऱ्यातून काढलेल्या कित्येकांच्या अंगावर जखम नव्हती. नाकातोंडात धाब्याची माती होती. पाऊस लागून राहिला होता, कोरडं लाकूड मिळेना, म्हणून पडलेल्या घरांच्याच तुळया ओढून सरणं रचली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली आणि पंधरा हजारांवर जनावरं. भूकंपाचं माप कुणी ६.२ सांगतं, कुणी ६.४. एवढ्या मापाच्या भूकंपात एवढी माणसं जायला नको होती, आणि गेली याचं कारण त्या भिंतीच्या पोटात आहे. ते मी तुम्हाला नीट सांगतो, कारण तुमची भिंतही बहुतेक तशीच असणार.

दोन हात रुंद भिंत एकसंध नसते. बाहेरच्या अंगानं दगडांचा एक पदर, आतल्या अंगानं दुसरा, आणि मधे चिपा, खडे, चिखल यांची भर. दर्शनी बाजूचे दगड गवंड्यानं घडवलेले असतात, पण घडाई तेवढ्या तोंडापुरती. आतल्या बाजूला तो दगड निमुळता किंवा गोल असतो. दोन पदरांना एकमेकांशी बांधणारं काहीच नसतं. उभं वजन ती भिंत शंभर वर्षं पेलते, त्यात शंका नाही, तुमच्या पणजोबांनी वाईट काम केलं असं मी म्हणत नाही. पण जमीन आडवी हलली की मधली भर खाली बसते आणि पाचर ठोकल्यासारखी दोन्ही पदरांना बाहेर ढकलते. एक पदर अंगणात जातो, दुसरा घरात. घरात भिंतीला लागून खाटा असतात.

म्हणून भिंत किती रुंद आहे हे मोजू नका. उद्या सकाळी ऊन तिरपं असताना भिंतीला गाल लावून लांबीच्या दिशेनं बघा. कुठं पोट आलेलं दिसतं का? तिथं ओळंबा सोडा. मग हातोडीच्या दांड्यानं ठोकत चला. पोकळ, बद्द आवाज येईल तिथं पदर सुटला आहे. पन्हळीच्या खाली, न्हाणीच्या मागं आणि जिथं घुशीनं पोखरलंय तिथं विशेष पाहा, कारण पाण्यानं मधला चिखल वाहून जातो आणि बाहेरून काही कळत नाही. चारी कोपऱ्यांत उभी भेग आहे का? असेल तर दोन भिंती एकमेकींपासून सुटल्या आहेत.

आता ठेवू की पाडू. पोट आलेली, कोपऱ्यात उघडलेली भिंत तेवढी उतरवून पुन्हा बांधा. बाकीचं घर वाचतं. पुढं १९९५ पासून दीड वर्ष मी उमरगा तालुक्यात घरं मजबूत करण्याच्या कामावर होतो. त्या कार्यक्रमात जवळपास दोन लाख घरं दुरुस्तीच्या यादीत होती, आणि आम्ही जे केलं ते आपल्या गावचा कुठलाही चांगला गवंडी समोर उभं राहून सांगितलं तर करतो.

पहिलं काम धाब्यावर. आपण दर पावसाळ्याआधी वर नवी माती टाकतो, जुनी काढत नाही. तीन पिढ्यांत ती वाढत वाढत दोन फूट होते. दहा फूट बाय दहा फुटाच्या एका खणावर दोन फूट माती म्हणजे साधारण नऊ टन. भरलेला ट्रक झाला तो, आणि तो बाबांच्या खाटेवर उभा आहे. ती माती आठ इंचांवर आणा, खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरा, उतार नीट द्या. उन्हाळ्यात काढा, आणि एका बाजूनं सगळी न काढता थोडी थोडी दोन्हीकडून काढा, नाहीतर तोल जातो.

दुसरं काम लाकडावर. खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं दोन्ही अंगांनी तिरपे टेकू बोल्टनं कसा. जुनी सागाची खांडं अजून खणखणीत असतात. आडवा धक्का आला की ती सांध्यात फिरतात, तेवढंच त्यांचं दुखणं.

तिसरं काम भिंतीत, आणि तेच सगळ्यांत महत्त्वाचं. उभं दर दोन फुटांवर आणि आडवं दर चार फुटांवर, एकाआड एक सरकवून, दोन्ही बाजूंचे एकेक दगड हलक्या हातानं काढायचे आणि आरपार भोक करायचं. घण अजिबात लावायचा नाही, छोटी सब्बल वापरायची. त्या भोकात आठ मिलिमीटरची सळई दोन्ही टोकांना आकड्यासारखी वाकवून ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. झाला आरपार दगड. दोन पदर एकमेकांना शिवले गेले. मग दाराच्या चौकटीच्या वर, घराला चारी बाजूंनी फिरणारा पट्टा. भिंतीवर आतून-बाहेरून जाळी ठोकायची, दोन्ही जाळ्या सळयांनी एकमेकींना बांधायच्या आणि वर सिमेंटचं प्लॅस्टर. पट्टा कोपऱ्यात तुटता कामा नये. पोत्याचं तोंड सुतळीनं बांधतो तसं ते आहे, सुतळी अर्धवट फिरवून चालत नाही.

तुमच्या स्लॅबची मला जास्त भीती वाटते. आज आपल्या गावांत जुनी दगड-मातीची भिंत तशीच ठेवून वर स्लॅब टाकतात, किंवा नऊ इंची विटांवर, ना खाली पट्टा ना कोपऱ्यात सळई. घर पक्कं झालं म्हणून माणूस निर्धास्त झोपतो. सुटी भिंत आणि वर एकसंध काँक्रीटची लादी, हे धाब्यापेक्षा वाईट आहे. धाब्याच्या मातीतून माणूस हातानं उकरून काढता येतो. नवं बांधायचंच असेल तर पाया, जोतं, चौकट आणि छत अशा चार ठिकाणी बांधलेलं बांधा, नाहीतर बांधू नका. गोठ्यात लेकरं झोपतात, तिथंही एक पाहा. वाऱ्यानं टिन उडू नये म्हणून वर दगड ठेवले असतील. ते उतरवा आणि टिनं आकड्यांनी कसा.

आणि बाबांचं म्हणणं नुसता हट्ट समजू नका. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत त्या भिंतीआड जो गारवा आहे तो स्लॅबखाली त्यांना मिळणार नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत आहे. त्यांना ‘घर पाडतो’ म्हणू नका. ‘तुमच्या आज्याच्या भिंतीला टाके घालतो’ असं सांगा. काम होईपर्यंत त्यांची खाट भिंतीपासून ओढून दोन खांबांच्या मधे आणा. हे आज संध्याकाळीच करा, त्याला पैसे लागत नाहीत. पाण्याच्या हंड्यांची उतरंड आणि कणगी खाटेच्या बाजूला असेल तर तीही हलवा.

राहिलं ‘आपल्याकडं होईल का’. तुमच्याकडे जाणवलेला धक्का ४.५ चा होता. किल्लारीच्या भूकंपात त्याच्या तीनशे पटीहून जास्त ऊर्जा बाहेर पडली. १९९३ सालच्या भूकंपधोक्याच्या नकाशात किल्लारी सगळ्यांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होती. २००२ साली तो पहिला विभागच रद्द केला आणि किल्लारीचा भाग तिसऱ्यात गेला. आपल्या विदर्भाचा बराचसा भाग त्या नकाशात दुसऱ्यात आहे. नकाशा बघून मी बाबांची खाट भिंतीशी ठेवू देणार नाही.

प्रश्न : उमरखेड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. ४ डिसेंबर २०२४ ला तेलंगणातल्या मुलुगूचा धक्का गडचिरोली-चंद्रपूरकडे जाणवला, त्याची बातमी वर्गात वाचली. मुलं विचारतात, आपल्या खाली तर काळा कातळ आहे, मग तो हलतो कसा? धरणामुळे होतो का?

उत्तर : सर, किल्लारीला भूकंपानंतर संशोधनासाठी खोल बोअर घेतलं. त्यात काळ्या दगडाचा थर ३३८ मीटर निघाला, त्याखाली आठ मीटरचा गाळाचा पातळ थर, आणि मग फार जुना मूळ खडक. आपण ज्याला ‘जमिनीचा तळ’ म्हणतो तो काळा कातळ म्हणजे वरची चादर आहे. खालच्या जुन्या खडकात भेगा आहेत. भारताचा सगळा भूभाग वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि हिमालयाशी अडतो. तो दाब इथपर्यंत पोचतो, आणि एखाद्या जुन्या भेगेशी साचत राहतो. साचलेला दाब त्या भेगेवर सुटतो. किल्लारीजवळच्या शेतांत त्या दिवशी जमिनीला पायरी पडली होती, ती मी डोळ्यांनी पाहिली. सोयाबीनच्या तासाचा एक तुकडा वर आणि एक खाली.

खोलीचं महत्त्व मुलांना जबलपूरवरून सांगा. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप ५.८ चा, पण सुमारे ३५ किलोमीटर खोल. तिथं चाळीसच्या आसपास माणसं गेली. किल्लारीचा उगम जमिनीपासून अगदी जवळ होता, आणि वर दगड-मातीची गावं.

धरणाचं म्हणाल तर कोयनेचं उदाहरण पक्कं आहे. तिथं शिवसागर जलाशय भरू लागल्यावर धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ ला मोठा भूकंप झाला. किल्लारीच्या बाबतीत निम्न तेरणा धरणावर शास्त्रज्ञांत वाद झाला. मुलांना दोन्ही सांगा, आणि वाद झाला हेही सांगा.

आणि एक प्रयोग करा. उमरग्याला गवंड्यांना शिकवताना आम्ही कागदावर चित्रं काढत होतो आणि ते माना डोलवत होते. पटत काही नव्हतं. मग मी एक बंडी मागून घेतली. बंडीवर वीत-वीत उंचीच्या दोन भिंती रचल्या, दोन्ही दोन पदरी, मधे रेतीची भर. एकीत चार लांब दगड आरपार घातले, दुसरीत नाही. बैल जुंपले आणि चाकोरीतून शंभर पावलं नेली. एक भिंत विसकटली, दुसरीतले दोन-चार खडे पडले. एक वयस्क गवंडी खाली बसून ती पडलेली भिंत बराच वेळ चाचपत होते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आरपार दगड टाकताना मला बोलावलं नाही. स्वतःच मोजून टाकायचे. तुमच्या शाळेच्या आवारात हा प्रयोग एका तासात होतो.

प्रश्न : गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अमुक तारखेला रात्री मोठा भूकंप येणार असा मेसेज फिरतोय. खरं धरायचं का? (ता. महागाव)

उत्तर : नाही. भूकंपाची तारीख आणि वेळ आधी सांगणं आजवर कुणालाच जमलेलं नाही. किल्लारीला १९९२ च्या ऑक्टोबरपासून धक्के येत होते. लोक बाहेर झोपले, गाव हलवा अशी मागणीही झाली. पुढं धक्के विरळ झाले आणि माणसं घरात परतली. तेव्हाही मोठा कधी येईल हे सांगणारं कुणी नव्हतं. तारखेच्या मेसेजचा तोटा हा की ती रात्र सरली की सगळे हसतात आणि भिंत तशीच राहते. मेसेज पुढं पाठवू नका. ग्रुपवर पाठवायचंच असेल तर वरची भिंत ठोकून पाहायची रीत पाठवा.

प्रश्न : दादा, आमचं गाव धरणाच्या बुडितात चाललंय (ता. दारव्हा). नव्या जागेचे नकाशे ग्रामपंचायतीत लावलेत. सरळ रस्ते, एका आकाराचे प्लॉट, बघायला छान दिसतं. माझी आत्या लातूरकडे दिलेली; ती म्हणते, ‘किल्लारीच्या लोकांनी काय भोगलं ते आधी विचार.’ आम्ही बायकांनी ग्रामसभेत काय मागावं?

उत्तर : ताई, आत्या बरोबर बोलतात. भूकंपानंतर ५२ गावं पार हलवली. घरं जमिनीच्या धारणेवर दिली: भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत ४००, त्याहून जास्त असलेल्याला ७५०. डोक्यावर छत मिळालं, आणि ती घरं भूकंपात टिकतील अशी बांधली, याचं मोल मी कमी करणार नाही. पण मी त्या नव्या गावांत दीड वर्ष राहिलो आहे. नकाशावर जे छान दिसतं तेच रोज पायांना लागत होतं.

जुन्या पांढरीवर, म्हणजे जुन्या गावठाणात, घर घराला चिकटून होतं. गल्ली अरुंद, सावली एकमेकांची, भावकी एका वाड्यात. नव्या गावात रस्ते शहरासारखे रुंद, आणि गाव पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त जागेवर पसरलं. म्हातारीला सुनेच्या माहेरच्या माणसांकडं जायचं तर उन्हातून अर्धा मैल. २५० फुटांत चूल कुठं मांडायची? शेजाऱ्याच्या दारासमोर न्हाणी कशी घ्यायची? बैल कुठं बांधायचा, कडबा कुठं रचायचा? पहिल्या वर्षभरातच लोकांनी घरासमोर कुडाच्या आडोशाच्या चुली केल्या, टिनाचे गोठे घातले, आणि त्यासाठी पडलेल्या गावातलं लाकूड आणि दगड बंड्यांतून आणला. काही जण दिवसा जुन्या जागेवरच जाऊन बसायचे. एक आजोबा रोज तिथल्या निंबाखाली जात. काय करता म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘घरी आलोय.’

म्हणून मागा ते हे. प्लॉट चिठ्ठ्या टाकून नकोत. गल्लीची गल्ली, भावकी आणि शेजार यांच्यासकट सरकू द्या. ग्रामसभेआधी तुम्ही बायकांनीच आजच्या गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीनं काढा, कोणाचं घर कोणाला लागून आहे ते, आणि त्याचा फोटो अर्जाला जोडा. प्लॉटमध्ये गोठ्याची आणि कडब्याची जागा वेगळी मोजून मागा. न्हाणी आणि संडास कुठल्या तोंडाला, हे नकाशा मंजूर व्हायच्या आत ठरवा. नंतर कोणी ऐकत नाही. शेतापासून अंतर किती, हे गाडीनं मोजू नका, डोक्यावर भारा घेऊन चालत मोजा. आणि निंब, वड, पिंपळ आत्ताच लावा, घरं नंतर होऊ द्या.

जमलं तर आणखी एक मागा: घर ज्याचं त्यानं बांधावं, पैसा टप्प्याटप्प्यानं खात्यावर यावा, आणि कामावर लक्ष ठेवायला गावातल्याच बायका असाव्यात. हे किल्लारीनंतर झालेलं आहे. जी गावं जागेवरच राहिली, तिथं महिला मंडळांतल्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं. प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेनं त्यांना उभं केलं. सुरुवातीला माझाच एक इंजिनीअर सोबती म्हणायचा, बायकांना सिमेंटमधलं काय कळतं. दोन महिन्यांत चित्र असं की, आरपार दगडाची भोकं कोरडी राहिली असतील तर संवाद सहायक बाई पाण्याची घागर घेऊन गवंड्यासमोर उभी. एका घरी मी पट्ट्याची जाळी पास केली होती. बाईंनी कोपऱ्यात बोट घालून दाखवलं, जाळी तिथं कापलेली होती. ती चूक माझ्या नजरेतून सुटली होती. मी पट्टा पुन्हा करायला लावला. तुमच्या गावातही अशा बायका आहेत, ताई. तुम्ही पत्र लिहिलंत म्हणजे एक तर आहेच.

प्रश्न : माझं माहेर उमरगा तालुक्यातलं. १९९१ ला लग्न होऊन मेहकर तालुक्यात आले. त्या पहाटे माहेरची पाच माणसं गेली. आता मी नातवंडांची आजी आहे. दर वर्षी २९ सप्टेंबरच्या रात्री मी अंगणात खाट टाकते. इतरही रात्री ट्रक गेला आणि भांडं वाजलं की अंगणात येते. मुलं म्हणतात, आई, आता किती वर्षं झाली. मी चुकते का?

उत्तर : बाई, तुम्ही चुकत नाही. तुमच्या पत्राला मी दोनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं.

मी तिथला नव्हतो. माझं कोणी गेलं नाही. तरी मला अजून ओल्या मातीचा एक विशिष्ट वास आला की त्या गावातली सकाळ आठवते. पहिल्या पावसाच्या वासाचा सगळ्यांना आनंद होतो, मी घरात येऊन दार लावतो. माझ्या मंडळींनी पहिली काही वर्षं विचारलं, मग विचारणं सोडून दिलं आणि नुसत्या चहा करून आणू लागल्या. तुमच्या मुलांना हे वाचून दाखवा. त्यांनी समजूत घालायची गरज नाही. त्या रात्री एकानं शेजारी खाट टाकली तरी पुरे, आणि गेलेल्या पाच जणांची नावं त्याला सांगा, कोण कसं होतं ते सांगा. त्यांच्या आजोळचं गाव त्यांनी पाहिलेलं नाही, आणि जुन्या जागेवर आता दाखवायला फारसं काही उरलेलं नाही.

रोजच्या झोपेलाही हे त्रास देत असेल, छाती धडधडत असेल, तर जिल्हा रुग्णालयात मनाच्या आजारांचे डॉक्टर बसतात, त्यांना एकदा भेटा. इतक्या वर्षांनी काय जायचं, असं मनात आणू नका.

आणि अंगणात झोपता तिथं आवाराची भिंत कशी आहे ते मला कळवा. दगड-मातीची असेल तर खाट तिच्या उंचीपेक्षा जास्त अंतरावर टाका.